अ‍ॅकॉर्डियनच्या आडोशाने

माझे पेटीचे मास्तर ठाण्याला एका शाळेच्या मागच्या खोलीत क्लास घ्यायचे आणि अ‍ॅकॉर्डियनचं नुसतं नाव काढलं तरी नाक मुरडायचे. "गळ्यात अडकवून वाजवायचं ते वाद्य नव्हे, ते ओझं," असं त्यांचं ठाम मत होतं. आठव्या वर्षापासून त्यांच्याकडे शिकल्यामुळे ते माझंही मत झालं. दूरदर्शनवर लोकसंगीताचा कार्यक्रम लागला की पुढे नऊवारीतल्या बायका, फेटेवाले गडी, ढोलकीवाला, आणि या सगळ्यांच्या मागे सफारी सूट घातलेला एक गंभीर गृहस्थ छातीशी अ‍ॅकॉर्डियन धरून उभा असायचा. कोळीगीत असो की गोंधळ, त्याचा चेहरा पासबुक भरून घ्यायला रांगेत उभा असल्यासारखा. मला तो चुकीच्या लग्नाला आलेला पाहुणा वाटायचा. आवाज मात्र त्याचाच सगळ्यांच्या वर ऐकू यायचा, चकचकीत आणि थरथरता. आमच्या घरात सगळ्यांना तो आवडायचा. मी एकटी तोंड फिरवून बसायचे.

पुढे याच वाद्याच्या आडोशाला मी जपानमध्ये जवळजवळ वर्षभर लपून राहिले. मास्तरांना हे कधी सांगितलं नाही.

त्या वर्षांत आमच्या ओळखीतलं प्रत्येक तिसरं घर कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टवर परदेशी निघालं होतं. माझा नवरा तोक्योला गेला. मी चार महिन्यांनी जायचं ठरलं, कारण आधी त्याला घर मिळायला हवं होतं. ते मिळता मिळेना. निशी-कसाई या भागात आपली माणसं पुष्कळ, दुकानात तूरडाळ मिळते, म्हणून तिथेच हवं होतं. पण तीन एजंटांनी हात जोडून नाही म्हटलं. एकाने परदेशी नकोत म्हणून, एकाने फोडणीच्या वासाचं कारण काढून, आणि तिसऱ्याने कारणच सांगितलं नाही, नुसता वाकून नमस्कार केला. चौथ्याने एका म्हाताऱ्या बाईंची तीन मजली इमारत दाखवली. बाई स्वतः तळमजल्यावर राहायच्या आणि वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं म्हणे, की कचरा नीट वेगवेगळा कराल ना. नवऱ्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज परीक्षा पास झालेल्या मुलासारखा होता. करारातल्या अटीही त्याने वाचून दाखवल्या. कुत्रा-मांजर नाही, पोटभाडेकरू नाही, वाद्य नाही.

तो अटी वाचत होता तेव्हा मी गोधडीत पेटी गुंडाळत होते. मी हूं हूं करत राहिले.

विमानतळावर त्याने ते गाठोडं पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "तुला सांगितलं होतं ना, वाद्य चालणार नाही."

"वाजवणार नाहीये मी. नुसती जवळ असू दे."

आता विचार करते तेव्हा मला माझंच हसू येतं. वाजवायची नाही तर सात समुद्र ओलांडून आणली कशाला? पण तो भला माणूस, त्याने विश्वास ठेवला. पेटी अंथरुणं ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात गेली, खालच्या खणात, गाद्यांच्या मागे.

पहिले काही महिने मी खरंच शब्द पाळला. नवरा सकाळी आठला तोझाई लाइन पकडायचा तो रात्रीच यायचा. माझा व्हिसा नुसत्या बायकोचा, नोकरी करता येत नव्हती. आठवड्यातून दोनदा वॉर्डच्या सभागृहात जपानी शिकायला जायचं, बाकी वेळ घर. मग एक दिवस मी कपाट उघडलं, पेटी काढली, झाकण उघडलं आणि भाता न हलवता बोटं फिरवली. पेटीला वारा दिला नाही तर ती मुकी असते. पट्ट्यांची लाकडी टकटक फक्त येते. त्या टकटकीवर मी यमन अख्खा वाजवला, डोक्यात ऐकत. संपल्यावर मला रडू आलं. तोंडापर्यंत नेऊन घास खाली ठेवल्यासारखं वाटलं.

मग टीव्ही आला. पुण्याला परत जाणाऱ्या एका कुटुंबाकडून भाताचा कुकर, इस्त्री आणि तो टीव्ही असा संच आमच्याकडे आला, तसा तो त्यांच्याकडेही आधीच्या कुणाकडून तरी आला होता. एका गुरुवारी दुपारी तीनला मी चॅनल बदलत होते, आणि एकदम चार अ‍ॅकॉर्डियन समोर आली.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. ठिकठिकाणची लोकगीतं, कधी युरोपातल्या डोंगराळ गावांतली, कधी जपानी कोळ्यांची. स्टुडिओत स्टुलांवर गाणारे, आणि त्यांच्या मागे एका ओळीत चार अ‍ॅकॉर्डियनवाले. माणसं वयस्कर, जाकिटं घातलेली. आपल्याकडचा कॅमेरा त्या बिचाऱ्या सफारी सूटवाल्याला दोन सेकंदांच्या वर कधी दाखवायचा नाही. इथे कॅमेऱ्याला अ‍ॅकॉर्डियनचीच हौस. लाल शिंपल्यासारखी झळाळी असलेलं अंग, त्यावर उभ्या लावलेल्या पट्ट्या, आणि साडीच्या निऱ्या उलगडाव्यात तसा उलगडत जाणारा भाता. मी प्रथमच नीट पाहिलं. वाजवणाऱ्याला स्वतःची पट्टी दिसतच नव्हती. हनुवटी वाद्यावर टेकवून तो समोर गाणाऱ्याकडे बघत होता आणि बोटं आपलं आपलं घर शोधत होती. मला पट्ट्यांकडे न बघता वाजवायला सहा वर्षं लागली होती.

माझी बोटं गुडघ्यावर हलायला लागली. आणि मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली, जिचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. करारात वाद्याला बंदी होती, टीव्हीला नव्हती. टीव्हीवर अ‍ॅकॉर्डियन वाजत असताना मी हळूच पेटी वाजवली, तर कुणाला काय कळणार आहे? दोन्ही भात्याचीच वाद्यं, दोन्हीत पितळी सूर. त्यात अ‍ॅकॉर्डियनचा तो थरथरता आवाज येतो कसा, हे मला मास्तरांच्या तक्रारींमधून माहीत होतं. एकाच स्वराचे दोन सूर त्यात मुद्दाम एकमेकांपासून केसभर लांब लावलेले असतात. म्हणजे माझी पेटी प्रवासात आणि तिथल्या कोरड्या थंडीत थोडी उतरली होती, तेही खपून जाणार. चार वाद्यांच्या थरथरीत पाचवं.

खाली राहणाऱ्या ओया-सानची, म्हणजे घरमालकीणबाईंची, मला काळजी नव्हती. जिन्यात भेटल्या की मी जपानीत काहीतरी बोलायचे आणि त्या कानामागे हात न्यायच्या. दर वेळी. मी अनुमान काढलं की बाईंना कमी ऐकू येतं.

पुढच्या गुरुवारी तीन वाजता मी टीव्ही लावला, पेटी समोर घेतली आणि डाव्या हाताने भाता अगदी बोटभर उघडला. पांढरी एक. सूर लागला. नऊ-दहा महिन्यांपूर्वी ठाण्यात ऐकलेला तो आवाज त्या सहा चटया मावतील एवढ्याच खोलीत आला आणि माझ्या अंगावर काटा आला. मला इतका आनंद झाला की पहिलं गाणं कुठल्या देशाचं होतं हेही मला आठवत नाही.

मग दर गुरुवारी तीन ते साडेतीन. आठवडाभर मी त्या अर्ध्या तासासाठी जगत असे म्हटलं तर नवऱ्याला वाईट वाटेल, पण खरं आहे. एक गोष्ट तेवढी लक्षात यायची. गाणं सुरू झालं की अ‍ॅकॉर्डियन दोन ठिकाणांहून ऐकू आल्यासारखं वाटे, टीव्हीतून आणि पायाखालून. जुना टीव्ही, लाकडी जमीन, घुमत असेल, म्हणून मी सोडून दिलं.

असं वर्षभर मजेत गेलं. पहिला करार दोन वर्षांचा होता, तो संपायला अडीच महिने राहिले होते. एका शुक्रवारी नवरा घरी आला, हातपाय धुतले आणि जेवता जेवता म्हणाला, "आज सकाळी कचऱ्याच्या जाळीपाशी ओया-सान भेटल्या. गंमत सांगू? त्या म्हणाल्या, तुमच्या टीव्हीवरचं अ‍ॅकॉर्डियन उशिरा येतं."

माझा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे गाणारी बाई एक ओळ म्हणते, आणि ती संपली की वरून तीच ओळ अ‍ॅकॉर्डियनवर येते. त्यांच्या टीव्हीवर असं होत नाही म्हणे. विचारत होत्या, तुम्ही डिजिटल घेतलात का. मी म्हटलं, आमचा जुनाच आहे. पण मग लॅग कसा येईल? आणि आला तर फक्त अ‍ॅकॉर्डियनला कसा येईल, बाईला का नाही? टेक्निकली शक्यच नाही ते. ऑडिओ एकच असतो." तो खरंच विचारात पडला होता. "येत्या गुरुवारी रेकॉर्ड करून बघ बरं."

मला सगळं एका क्षणात कळलं. मी साथ केली होती. लहानपणापासून दुसरं काही शिकलेच नव्हते मी. गाणाऱ्याने ओळ म्हणायची, पेटीवाल्याने ती उचलायची, त्याने श्वास घेतला की ती मोकळी जागा भरून काढायची. गाणाऱ्याच्या पुढे जायचं नाही, सावलीसारखं मागे राहायचं, हे मास्तरांनी पट्टी मारून शिकवलं होतं. टीव्हीवरचे चौघं बाईच्या बरोबरीने वाजवायचे आणि मी मात्र शहाण्या साथीदारासारखी एक ओळ मागून. चोरी करायला गेले आणि तिथेही शिस्तीत वागले.

मी त्याला सांगून टाकलं. लपवण्यात अर्थ नव्हता, तो रेकॉर्डिंगपर्यंत पोचला होता.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ताट बाजूला केलं आणि म्हणाला, "किती दिवस?"

"वर्ष होईल."

"त्या करारावर सही माझी आहे. गॅरंटी कंपनीची आहे. अडीच महिन्यांत रिन्यूअल आहे, आणि ओया-साननी नाही म्हटलं तर मी पुन्हा त्या एजंटांच्या दारात उभा राहायचं, हो ना? तू तेव्हा नव्हतीस इथे. तो वाकून नाही म्हणायचा ना, तेव्हा मला पण वाकायला लागायचं."

तो असं कधी बोलत नाही. मला माझी भयंकर लाज वाटली. पेटी त्याच रात्री गाद्यांच्या मागे गेली आणि मी तिच्यापुढे इस्त्रीही ठेवली, सहजासहजी निघू नये म्हणून.

पुढच्या गुरुवारी तीन वाजता मी टीव्ही लावलाच नाही. हात मांडीखाली घेऊन जमिनीवर बसले होते. आणि तरीही अ‍ॅकॉर्डियन वाजायला लागलं. पायाखालून, स्पष्ट, चारही. जमीन घुमत नव्हती. वर्षभर खाली ओया-सान तोच कार्यक्रम लावून बसत होत्या, माझ्या बरोबर खाली, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं असं मुळीच नव्हतं. जिन्यातला तो कानामागचा हात मला आठवला. बाईंचे कान ठणठणीत होते. त्या माझं जपानी समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या.

असे सात गुरुवार गेले. मी तीनच्या सुमाराला बाजारात जायला लागले. जिन्यात ओया-सान भेटल्या की मी वाकायचे आणि सटकायचे. एकदा त्या "ओकु-सान," म्हणून थांबल्या, काहीतरी विचारणार होत्या. ओकु-सान म्हणजे आपल्याकडचं वहिनी, तसं काहीसं. मी "घाईत आहे" एवढं म्हटलं आणि रिकामी पिशवी घेऊन पळाले.

मग एजंटचा फोन नवऱ्याला आला. शनिवारी अकराला ओया-सानच्या घरीच रिन्यूअल करू, त्यांचे गुडघे दुखतात. आणि हो, वाद्यांच्या कलमाबद्दल मालकांना काही बोलायचं आहे.

नवऱ्याने जपानीत माफीची चार वाक्यं लिहिली आणि ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याकडून तपासून आणली. मी स्टेशनजवळून चांगल्यातला मिठाईचा डबा आणला. घरात आम्ही एकमेकांशी फार सांभाळून बोलत होतो. शनिवारी सकाळी तो टाय बांधत होता. मी म्हटलं, "मीच सांगते त्यांना, चूक माझी आहे." तो म्हणाला, "तुझ्या जपानीत सांगितलंस तर आज संध्याकाळपर्यंत बाहेर काढतील." आणि आम्ही दोघंही हसलो. तेवढ्या हसण्यानेही मला बरं वाटलं.

ओया-सानची खोली आमच्यासारखीच होती, फक्त सामानाने भरलेली. टीव्ही आमच्या टीव्हीच्या बरोबर खाली. त्यासमोर एक उशी, चपटी झालेली. मी नकळत वर छताकडे पाहिलं. पातळ फळ्या होत्या नुसत्या.

एजंट चाळिशीचा, नीटनेटका माणूस. त्याने कागद मांडले आणि पहिल्या कलमापासून मोठ्याने वाचायला लागला, कारण तसा नियम होता. भाडं, दुरुस्ती, कचरा. नवऱ्याचा धीर कुत्र्या-मांजराच्या कलमापर्यंत टिकला. वाद्याचं कलम येण्याआधीच तो गुडघ्यांवर बसल्या बसल्या पुढे वाकला, कपाळ चटईला टेकवलं आणि पाठ केलेली चारही वाक्यं एका दमात म्हणून टाकली. मीही वाकले.

मी तशीच वाकून चटईच्या काड्या बघत होते.

"ओकु-सान," ओया-सान म्हणाल्या. हळूहळू, सोपे शब्द निवडून, मला कळेल असं बोलत होत्या. "बंद का केलंत?"

मी मान वर केली.

"सात गुरुवार झाले. मला वाटलं, तुम्ही आजारी पडलात. त्या दिवशी जिन्यात विचारणार होते."

मग त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला तिथे कळलं, निम्मं नवऱ्याने वर आल्यावर सांगितलं. त्या तरुण होत्या तेव्हा तोक्योत गाण्याची कॉफीची दुकानं असत. एक माणूस अ‍ॅकॉर्डियन घेऊन उभा राहायचा आणि दुकानातले सगळे मिळून गायचे, कामावरून सुटलेल्या मुली, विद्यार्थी, सगळे. ती दुकानं गेली. गुरुवारच्या कार्यक्रमात त्यांना तो आवाज मिळायचा. पण टीव्हीला कुणी उत्तर देत नाही, त्या म्हणाल्या. वर्षापूर्वी वरून कुणीतरी उत्तर द्यायला लागलं. तिसऱ्या गुरुवारीच त्यांना कळलं होतं की हा टीव्ही नाही. कचऱ्यापाशी त्यांनी नवऱ्याला जे विचारलं तो त्यांचा विनोद होता. माझ्या इंजिनियर नवऱ्याने त्यावर दिवसभर विचार केला होता.

"ते वाद्याचं कलम आधीच्या भाडेकरूमुळे घातलं," ओया-सान म्हणाल्या. "इलेक्ट्रिक गिटार होती त्याच्याकडे."

एजंटने घसा साफ केला. मालकांच्या इच्छेनुसार कलमात एक वाक्य वाढवलं आहे, तो म्हणाला आणि वाचून दाखवलं. दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेतीन या वेळेत अ‍ॅकॉर्डियन वाजवण्यास हरकत नाही.

माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने इतका मोठा श्वास सोडला की समोरचा कागद हलला. त्याने खिशातून तिथे सहीऐवजी उमटवतात तो नावाचा शिक्का काढला, झाकण उघडलं, लाल शाईत टेकवला, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते अ‍ॅकॉर्डियन नाहीये."

का बोलले, देव जाणे. घर वाचलं होतं, शिक्का कागदापासून वीतभर वर होता. पण वीस वर्षं जे नाक मुरडलं ते असं ऐन वेळी आडवं आलं. माझ्या पेटीला कुणी अ‍ॅकॉर्डियन म्हणतंय हे मला, त्या परिस्थितीतही, सहन झालं नाही.

"असू दे ना," नवरा मराठीत पुटपुटला. "प्लीज."

एजंटने पेन खाली ठेवलं. "अ‍ॅकॉर्डियन नाही तर काय आहे?" तो वाईट हेतूने विचारत नव्हता. पण परवानगी अ‍ॅकॉर्डियनची होती. वाद्य दुसरंच असेल तर मालकांनी पुन्हा विचार करायला हवा, कागद पुन्हा करायला हवा. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. मला स्वतःला एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

"घेऊन या," ओया-सान म्हणाल्या.

मी वर गेले, इस्त्री बाजूला केली, गाद्या उपसल्या आणि पेटी गोधडीसकट छातीशी धरून जिना उतरले. खाली टीव्हीसमोर ठेवली, झाकण उघडलं. तिघंही पुढे झुकून बघायला लागले. नवराही, जसा काही त्याने ती कधी पाहिलीच नव्हती.

एजंटने एकेक गोष्ट विचारली. पट्ट्या आहेत? आहेत, दिसतच होत्या. वारा कशाने देता? मी मागचा भाता उघडून दाखवला. आत काय वाजतं? मी म्हटलं, पितळेच्या पातळ पट्ट्या. "अ‍ॅकॉर्डियनमध्येही धातूच्याच असतात," तो म्हणाला. त्याचे काका वाजवायचे म्हणे. मग त्याने पेटीच्या दोन्ही बाजू तपासल्या. "गळ्यात अडकवायचा पट्टा?"

"नसतो. जमिनीवर ठेवून वाजवतात."

मग त्याने पेन उचललं, 'अ‍ॅकॉर्डियन' या शब्दापुढे बारीक, सुबक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि कागद ओया-सानकडे सरकवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मान डोलावली. मग माझ्याकडे सरकवला. मला वाचता येईना, म्हणून नवऱ्याने वाचून दाखवलं, शक्य तितक्या गंभीर आवाजात.

"अ‍ॅकॉर्डियन. जमिनीवर ठेवण्याच्या प्रकारचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनंती होती, धमकी होती, आणि हसू दाबून धरलेलं होतं. मास्तर माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मी त्यांची मनातल्या मनात माफी मागितली आणि म्हटलं, "बरोबर आहे." शिक्का उमटला. मिठाईचा डबा ओया-साननी तिथेच उघडला आणि आम्हाला चहा दिला.

जिना चढताना नवरा पेटी घेऊन माझ्या मागे होता. "जड आहे ग तुझं अ‍ॅकॉर्डियन," तो म्हणाला. दोन महिन्यांनी त्याने मला चिडवलं होतं. मला वर जाऊन आधी थोडं रडून घ्यावं लागलं, इतकं हलकं वाटत होतं.

त्या आठवड्यातला गुरुवार. अडीच वाजता ओया-सान बाजारातून सायकल हातात धरून चालत येताना मला खिडकीतून दिसल्या. तीनला पाच कमी असताना मी पेटी खोलीच्या मध्यावर मांडली आणि सवयीने टीव्ही लावला. कार्यक्रम सुरू झाला. चार जण ओळीत, लाल झळाळी, निऱ्या उघडल्या. मी भात्यावर हात ठेवला, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज एकाच ठिकाणाहून येत होता. पायाखाली शांत होतं.

माझ्या मनात नको ते आलं. बाईंचे गुडघे, एकट्या राहतात, पडल्या तर नसतील? मी जिन्याकडे जायला उठले, तोच खालून खोकल्याचा आवाज आला, आणि मग उशी सरकवल्याचा. त्या तिथेच होत्या, टीव्हीसमोर. टीव्ही तेवढा बंद होता.

मला समजायला अर्धं गाणं गेलं. मग मीही माझा टीव्ही बंद केला.

त्या घरात तीन वाजता इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. लपायला काही उरलं नव्हतं. मी भाता पूर्ण तळहाताने उघडला आणि लहानपणी दूरदर्शनवर तो सफारी सूटवाला वाजवायचा तसलं एक कोळीगीत धरलं. दोन खुंट्या ओढल्या, दोन्ही सूर एकदम, थोडे उतरलेले, थरथरणारे. कुणाच्या मागे जायचं नव्हतं, तरी प्रत्येक ओळीनंतर मी सवयीने जागा सोडत होते. दुसऱ्या गाण्याला त्या जागेत खालून कुणीतरी गुणगुणलं, शब्द नव्हते, नुसता सूर, बऱ्यापैकी बरोबर. कलमात लिहिल्याप्रमाणे साडेतीनला मी भाता बंद केला. त्यानंतरच खाली टीव्ही लागला.